'व' कोणी खाल्ला?

मित्रांनो, मला हातात घेतलेत तर बोटे जांभळी होतील आणि दोन दिवस साबणाला दाद देणार नाहीत, म्हणून जरा लांबूनच ऐका. मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी लाकडी मूठ तडकली आहे, रबर कडक झाले आहे आणि पोटावरची अक्षरे उलटी आहेत. उलटी म्हणून हसू नका. आम्हा शिक्क्यांचे असेच असते. अंगावर उलटे लिहिलेले असले तरच कागदावर सुलटे उमटते. माझ्या अंगावर एकच वाक्य आहे, 'सर्व अटी ग्राहकास समजावून सांगितल्या.' या एका वाक्याच्या जोरावर मी एका फार मोठ्या बँकेच्या फार मोठ्या साहेबांना खुर्चीतून उठवले आहे. बढाई वाटते ना? ऐका तर खरे.

माझा जन्म एका जिन्याखालच्या दुकानात झाला. दुकान इतके लहान की गिऱ्हाईक आत आले की शिक्केवाले काका बाहेर येत. काका बोलायला गरीब, पण शब्दांच्या बाबतीत भारी कडक. एकदा कुणीतरी चिठ्ठीवर चुकीचे लिहून दिले, काकांनी तसेच तीस शिक्के केले, आणि त्या गिऱ्हाइकाने "चूक तुमचीच" म्हणत सगळेच्या सगळे परत आणून टाकले. तेव्हापासून काकांनी कानाला खडा लावला. प्रत्येक कामाची चिठ्ठी ते एका जाड वहीत चिकटवून ठेवू लागले. चिठ्ठीत चूक दिसली तर ती गिऱ्हाइकाला दाखवायची, आणि तरीही गिऱ्हाईक हट्टाला पेटले तर त्याच चिठ्ठीवर त्याची सही घ्यायची. लोक चेष्टा करायचे.

"काका, शिक्का करताय की खरेदीखत?"

"तोंड मी घडवतो," काका म्हणायचे, "पण त्यातला शब्द तुमचा असतो. करा सही."

मला करून घेतले ते बँकेच्या एका शाखेत तीन नंबरच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईंनी. सगळे त्यांना ताई म्हणत, त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसेसुद्धा. बँकेचा नियम होता की पैसे गुंतवायला आलेल्या माणसाला आधी सगळ्या अटी सांगायच्या आणि मग कागदावर तसे हाताने लिहायचे. लिहून लिहून ताईंचे मनगट दुखू लागले, म्हणून त्यांनी पदरचे पैसे घालून मला घडवले. मी बँकेचा नव्हतोच, मी ताईंचा होतो. त्यांच्या टेबलाच्या खणाचे कुलूप मोडके होते, ते दुरुस्त करा असा अर्ज चार वर्षे मॅनेजरांच्या टेबलावर पडून होता. तेव्हा संध्याकाळी ताई मला चष्म्याच्या जुन्या डबीत घालून पर्समधून घरी नेत आणि सकाळी परत आणत.

ताईंची एक पद्धत होती. अटी सांगून झाल्या की त्या समोरच्याला तीन प्रश्न विचारत. पैसे किती वर्षे अडकणार? मध्येच लागले तर काय होणार? बुडाले तर कोणाचे बुडणार? समोरच्याने स्वतःच्या शब्दांत उत्तरे दिली तरच माझी मूठ त्यांच्या हातात येई. नाही देता आली तर ताई पहिल्यापासून पुन्हा सांगत. मागची रांग चुळबुळ करी. "ताई, शाळा सुटली की नाही?" असे कुणीतरी ओरडे. ताई मान वर न करता म्हणत, "हे पास झाले की सुटेल."

मला त्या दिवसांचा फार अभिमान आहे. मी उमटलो म्हणजे खरेच कुणाला तरी काही समजलेले असे. बाजारपेठेतला एक शिंपी तर माझा ठसा बघूनच खूश व्हायचा. त्याला वाचायला वेळ लागे, पण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तो असे ठणकावून द्यायचा की अख्खी शाखा वळून बघे.

मग बँक मोठी झाली. तिचे मुख्य कार्यालय आमच्याच शहरात, चौदा मजल्यांचे, बाहेरून सगळीकडे काच. चौदाव्या मजल्यावर बँकेचे अध्यक्ष बसत. त्यांना सगळे नुसते मोठे साहेब म्हणत. साहेबांनी एका कंपनीला डोंगराएवढे कर्ज दिले होते, आणि ती कंपनी आतून पोखरली होती. कर्ज बुडणार हे साहेबांना कळून चुकले. ते कबूल केले असते तर त्यांची खुर्ची गेली असती. म्हणून त्यांनी एक डाव टाकला. त्या बुडत्या कर्जाचे लहान लहान तुकडे केले, त्यांना 'निश्चिंत योजना' असे गोंडस नाव दिले, आणि ते तुकडे आमच्यासारख्या शाखांमधून साध्यासुध्या माणसांच्या गळ्यात बांधायला पाठवले.

एका सकाळी त्या योजनेच्या अर्जांचे गठ्ठे आमच्या शाखेत आले. ताईंनी वरचा गठ्ठा सोडला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. प्रत्येक अर्जावर अटी सांगितल्याचा शिक्का आधीच मारलेला होता. खाली ताईंचे नाव आणि कर्मचारी क्रमांकही छापून आला होता. त्या तशाच मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेल्या. मी त्यांच्या हातातच होतो.

"साहेब, हे काय? मी अजून कुणाला काही सांगितलंच नाही."

"बरं झालं ना मग," मॅनेजर म्हणाले. ते वाईट नव्हते, घाबरट होते. "तुमचा त्रास वाचला. वरूनच मारून आलंय."

"वरून कसं मारून येईल? माणूस माझ्यासमोर बसणार, आणि समजावणार वरचे?"

"ताई, महिनाअखेरपर्यंत पाचशे अर्ज जायला हवेत. मला पण वर तोंड दाखवायचंय."

"मग तुम्ही दाखवा. माझं नाव खोडा, नाहीतर मी हे विकणार नाही."

मॅनेजरांनी नाव खोडले नाही. त्यांनी ताईंना खोडले. दुसऱ्या दिवसापासून ताईंना मागच्या रेकॉर्ड रूममध्ये बसवले, तेही तोंडी. कागदोपत्री त्या तीन नंबरवरच होत्या. काउंटरवर नवे लोक आले आणि ताईंच्या नावाचे अर्ज भराभर विकले गेले. मी धूळ खात जुन्या फायलींच्या शेजारी बसून राहिलो. मला ते फार लागले, पण मला तरी कुठे पाय होते.

आठ महिन्यांनी कंपनी बुडाली आणि निश्चिंत योजना तिच्याबरोबर गेली. शाखेसमोर माणसे जमली. कुणी रडत होते, कुणी काचेवर हात आपटत होते. एका निवृत्त नर्सबाईंनी अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीचे सगळे पैसे त्यात घातले होते. त्या नुसती अर्जाची प्रत घडी करून उघडत होत्या, घडी करून उघडत होत्या. शिंपीही आला होता. त्याने गर्दीतून वाट काढत ताईंना गाठले.

"ताई, तुम्ही नव्हता जागेवर. मी विचारलं, तर म्हणाले, ताईंचंच काम आहे हे, त्यांचं नाव बघा. तुमचं नाव होतं म्हणून मी काहीच विचारलं नाही हो."

ताईंनी पर्सचा पट्टा इतका घट्ट धरला की आतल्या आत माझी डबी दबली.

आठवड्याभरात मोठ्या साहेबांचे निवेदन आले. काही शाखांतल्या काही कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना अटी न सांगताच शिक्के मारले, बँक त्यांच्यावर कडक कारवाई करील, असे त्यात म्हटले होते. चाळीस शाखा, आणि ताईंसारखीच ज्यांची नावे अर्जांवर छापली होती असे चाळीस कर्मचारी. सगळे खापर त्यांच्या डोक्यावर फोडून साहेब नामानिराळे झाले. ताईंना निलंबनाचे पत्र आले. नोकरी तर जाणारच होती, वर फसवणुकीचा खटला होणार होता आणि तुरुंगाचीही भीती होती. गंमत बघा, त्यांच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा मी होतो. 'या बाईंकडे असा शिक्का आहे, हे अख्ख्या शाखेला माहीत आहे,' असे पत्रात लिहिले होते. त्यांच्या चांगुलपणाचाच त्यांना फास लागला होता.

ताईंचे घर दोन खोल्यांचे. त्यांचे यजमान फ्रिज दुरुस्त करत. पत्र वाचून ते एवढेच म्हणाले, "मी दोन कामं जास्त घेतो, तू वकील बघ." आणि हत्यारांची पेटी उचलून निघाले. घरात सासूबाई होत्या. त्या तरुणपणी छापखान्यात मुद्रिते तपासायच्या. नोकरी सुटून पंधरा वर्षे झाली तरी सवय सुटली नव्हती. वर्तमानपत्र आले की लाल पेन्सिल घेऊन बसायच्या आणि चुका काढून झाल्याशिवाय बातमीत काय आहे हे त्यांना कळायचे नाही.

रविवारची दुपार होती. ताईंनी पत्रासोबत आलेल्या अर्जांच्या प्रती टेबलावर पसरल्या होत्या. सासूबाई समोर बसून त्यातलाच एक कागद नाकाजवळ धरून बघत होत्या. त्यांनी पेन्सिल उचलली आणि शिक्क्याच्या वाक्यात एक लाल खूण केली.

"इथे 'व' खाल्लाय."

"काय?"

"व गं, व. 'समजून सांगितल्या' असं आहे. 'समजावून' पाहिजे."

"आई!" ताईंचा आवाज चढला. "इथे माझी नोकरी चाललीय, उद्या पोलीस दारात येतील, आणि तुम्ही 'व' शोधताय?"

"ओरडतेस कशाला? चूक ती चूक. ह्या कागदावर पण खाल्लाय. आणि ह्याच्यावर पण."

मग ताईंनी पर्स ओढली, डबी उघडली, मला बाहेर काढले, शाईच्या गादीवर दाबले आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर जोरात उमटवले. आयुष्यात इतका स्वच्छ मी कधी उमटलो नव्हतो. 'सर्व अटी ग्राहकास समजावून सांगितल्या.' माझा 'व' जिथल्या तिथे होता.

"म्हणजे हा शिक्का माझा नाहीच," ताई पुटपुटल्या.

सासूबाईंनी दोन्ही ठसे शेजारी धरले. "शिक्का दुसरा, पण हात तोच. 'ट'चं पोट बघ, दोन्हीकडे सारखंच सुटलंय. कुणाकडून केला होतास तू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू आणि सून जिन्याखालच्या दुकानासमोर उभ्या होत्या. काकांनी ठसा पाहिला, जाड वही काढली आणि थुंकी लावत पाने उलटू लागले. मग एका पानावर बोट ठेवले. ते पान पाहून ताई तिथल्या पायरीवरच बसल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला डबीतून नीट कळले नाही.

ताईंच्या तक्रारीवरून सरकारने नेमलेली चौकशी एका जुन्या सरकारी इमारतीत झाली. चौकशी करणाऱ्या बाई निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांना सर्दी झाली होती आणि त्या सारख्या गोळ्या चघळत होत्या. लांबलचक टेबलाच्या एका बाजूला मोठे साहेब आणि त्यांचे तीन वकील, दुसऱ्या बाजूला ताई, सासूबाई आणि काका. टेबलाच्या मधोमध मी. आणि माझ्या शेजारी, मुख्य कार्यालयातून जप्त करून आणलेला, माझ्यासारखाच पण नवाकोरा शिक्का. तो माझा धाकटा भाऊ होता. आमची ती पहिलीच भेट. मी त्याच्यावर रागावलो नाही. त्याच्या तोंडात जे घातले गेले तेच तो बोलत होता.

बाईंनी आम्हा दोघांचे ठसे घेतले. मग चाळीसही शाखांमधून मागवलेले अर्ज त्यांनी एकेक करून उघडले. प्रत्येकावर 'समजून'. एकावरही 'व' नव्हता.

"चाळीस माणसं चाळीस गावांत बसून एकच अक्षर कसं विसरली?" बाईंनी विचारले.

साहेब शांत होते. "एवढ्या मोठ्या बँकेत कोण कुठे शिक्का मारतो ते मी कसं बघणार? मी चौदाव्या मजल्यावर बसतो. ही योजना काय होती तेही मला तक्रारी आल्यावर कळलं. कुणा शिपायाने परस्पर शिक्का करून घेतला असेल."

बाईंनी काकांकडे पाहिले. काका उठले.

"ह्या साहेबांच्या सेक्रेटरीनं चिठ्ठी आणली. चूक दिसली म्हणून मी फोन केला. फोनवर साहेब स्वतः आले. म्हटलं, समजून नाही हो, समजावून. ते म्हणाले, शिक्केवाल्यानं मला भाषा शिकवू नये. म्हटलं, मग सही करून पाठवा. पाठवली." त्यांनी वही टेबलावर ठेवली.

चिठ्ठीवर साहेबांच्या हस्ताक्षरात ते वाक्य होते. खाली दोन शब्द लिहिले होते, 'असेच हवे.' त्याखाली लफ्फेदार सही आणि तारीख. ती तारीख योजनेचा पहिला अर्ज विकला जाण्याच्या तीन आठवडे आधीची होती.

तीनही वकील एकदम वहीवर वाकले आणि एकदम मागे सरले. बाईंनी तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"साहेब, मला वाटतं इथे चूक झालेलीच नाही," त्या म्हणाल्या. "समजावून म्हणजे दुसऱ्याला कळेल असं सांगणं. ते तुम्ही केलं नाहीत. समजून म्हणजे स्वतःला सगळं कळलेलं असणं. तुम्हाला कळलेलं होतं. तुमच्या शिक्क्यानं अर्धं तरी खरं लिहिलंय."

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला, आणि न पिताच खाली ठेवला.

निकाल लागला तेव्हा वकिलांनी शेवटची धडपड केली. बँक दंड भरायला तयार आहे, म्हणाले. बाईंनी ते साफ फेटाळले. बँकेचा पैसा म्हणजे पुन्हा याच लोकांचा पैसा, त्यातून दंड भरून घेतला तर फसलेल्यांनीच फसवणाऱ्यांची शिक्षा भोगल्यासारखे होईल, असे त्यांनी निकालात लिहिले. मोठ्या साहेबांनी आणि योजना मंजूर करणाऱ्या चार संचालकांनी त्या काळात घेतलेले बक्षीस आणि बोनस त्यांच्याकडून वसूल झाले, आणि ते गुंतवणूकदारांना वाटले. पुढे खटला उभा राहिला आणि साहेबांना तुरुंगात जावे लागले. चाळीसही कर्मचारी निर्दोष ठरले. सगळ्यांना सगळे पैसे परत मिळाले असे सांगितले तर मी खोटे बोलतो असे होईल. शिंप्याला बरेचसे मिळाले. नर्सबाईंचा वाटा आला तेव्हा त्या राहिल्या नव्हत्या, त्यांच्या बहिणीने सही केली. ते आठवले की आजही माझी शाई सुकते.

ताई तीन नंबरच्या काउंटरवर परत आल्या. पहिल्याच दिवशी शिंपी आला, मिळालेले पैसे ठेवायला. ताईंनी अटी सांगितल्या, तीन प्रश्न विचारले, त्याने ठणकावून उत्तरे दिली. मी तयारच होतो. ताईंनी मला उचलले, अर्जावर धरले, आणि तशाच थांबल्या. त्यांनी मला बाजूला ठेवले आणि पेन शिंप्याच्या हातात दिले.

"तुम्हाला काय समजलं ते तुमच्याच शब्दांत लिहा."

"मी? मला लिहायला वेळ लागतो ताई."

"लागू दे. मी आहे इथे."

त्याला पंधरा मिनिटे लागली. मागे रांग उभी होती, पण त्या दिवशी कुणीही चुळबुळ केली नाही. चार वाकड्यातिकड्या ओळी लिहून त्याने कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, "आता मारा शिक्का." ताई म्हणाल्या, "आता त्याची गरज नाही."

वाईट वाटले का, असे तुम्ही विचाराल. वाटले, अगदी पोटातून वाटले. साहेबांना हरवणारा मी, चार वेड्यावाकड्या ओळींपुढे हरलो. पण नंतर पटले. माझ्यासारखा ठसा आणि ताईंचे नाव बघून शिंप्याने विचारणे सोडले होते, आणि चोरांना तेच हवे होते. आता मी ताईंच्या घरी खणात असतो. सासूबाई कधीतरी मला काढून पुसतात, तेवढ्यावर मी सुखी आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यापुढे कागद येतील. कुणी हसून म्हणेल, इथे फक्त सही करा, बाकी सगळे आम्ही पाहिले आहे. तेव्हा पेन खाली ठेवा आणि समजेपर्यंत विचारा. फसवणूक झालीच, तर काउंटरवरच्या माणसाची गचांडी धरून थांबू नका. कागद वरून आला असेल तर प्रश्नही तितकाच वर न्या. तुमच्यातले काही जण मोठ्या खुर्चीतही बसतील. त्यांना माझी एकच विनंती आहे. खालच्या माणसाचे नाव एखाद्या कागदावर छापायची वेळ आली, तर आधी त्या जागी स्वतःचे नाव लिहून बघा. हात अडखळला, तर तो कागद फाडून टाका.